एकाच टेबलावर कमी तिखट आणि जास्त तिखट: हॉटेलात जेवताना सर्वांचे कसे जमवावे

काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. नुकतीच कामावर रुजू झालेली एक सहकारी प्रथमच आमच्याबरोबर आली होती. ऑर्डर देण्यापूर्वी मी सर्वांकडे पाहून विचारले, "सगळ्यांना तिखट चालतं ना?" सर्वांनी माना डोलावल्या आणि तिनेही डोलावली. दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब जमले आणि प्रत्येक घासामागे ती पाण्याचा एक घोट घेऊ लागली. तिने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. मात्र रस्सा ताटाच्या कडेला सारून ती नुसता भात खात राहिली, हे माझ्या लक्षात आले तोवर जेवण निम्मे झाले होते.

चूक माझ्या प्रश्नात होती. "चालतं ना?" यातला "ना" समोरच्याच्या तोंडून होकार वदवून घेतो, आणि नव्या माणसाला चारचौघांत "नाही" म्हणणे जड जाते. वेगवेगळ्या सवयीच्या लोकांबरोबर बाहेर जेवण्याची ज्यांना फारशी सवय नाही, मग ते स्वतः कमी तिखट खाणारे असोत किंवा इतरांना जेवायला घेऊन जाणारे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. तिखटाचा प्रश्न जवळजवळ नेहमी पदार्थ ताटात पडण्यापूर्वी सुटू शकतो. ताटात पडल्यानंतर हाती फार थोडे उपाय उरतात.

आधी थोडे तिखटाविषयी

आपण बोलताना गोड, आंबट, खारट यांच्या रांगेत तिखटाला बसवतो, परंतु शरीराच्या दृष्टीने तिखट ही चव नसून दाहाची जाणीव आहे. मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. तोंडातल्या ज्या संवेदी चेता (जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या नसा) सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या वस्तूने चेततात, त्यांनाच कॅप्सेसिन चेतवते, आणि म्हणून काहीही भाजलेले नसताना मेंदूला "भाजले" असा निरोप पोहोचतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलिअस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली या चेतांवरचा नेमका ग्राही, म्हणजे कॅप्सेसिन आणि उष्णता टिपणारे प्रथिन, शोधून काढला. तापमान आणि स्पर्श यांच्या जाणिवेवरील कामासाठी त्यांना आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ही माहिती जेवणाच्या टेबलावर थेट उपयोगाची आहे. तिखटाचा आणि उष्णतेचा दरवाजा एकच असल्यामुळे वाफाळता पदार्थ आहे त्याहून जास्त तिखट लागतो, आणि तोच कोमट झाला की पुष्कळ सुसह्य होतो. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. त्यामुळे रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलात तिखटाचा मोठा वाटा उतरलेला असतो. मिरचीचे तिखट बियांत असते ही समजूत फार रूढ आहे, परंतु कॅप्सेसिन तयार होते ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढुरक्या गरात, आणि त्याच्या सान्निध्यामुळे बियांनाही ते लागते.

शिवाय सगळे तिखट एका जातीचे नसते. काळ्या मिरीत पिपेरिन असते. तिचा चरका जिभेवर आणि घशात जाणवतो व मिरचीच्या मानाने लवकर ओसरतो. मोहरीतले झणझणीत द्रव्य हवेत उडणारे असल्यामुळे ते थेट नाकात चढते, डोळ्यांत पाणी आणते आणि बहुधा मिनिटाच्या आत नाहीसे होते. आल्याची ऊब वेगळी, कच्च्या लसणाचे झोंबणे वेगळे. एखाद्याला मिरीचे सार मजेत पिता येते आणि हिरव्या मिरचीचा लहानसा तुकडाही सोसत नाही. दुसऱ्याचे नेमके उलट असते. म्हणून "मला तिखट चालत नाही" एवढे म्हणणे अपुरे आहे.

माणसामाणसांत एवढा फरक का पडतो, याचे उत्तर काही अंशी शरीराच्या घडणीत आणि बऱ्याच अंशी सवयीत आहे. मिरची वारंवार खाणाऱ्याच्या चेता त्या दाहाला हळूहळू कमी प्रतिसाद देऊ लागतात, तर ज्याच्या घरी मिरची जेमतेम वापरली जाते त्याच्या चेता पूर्ण जोमाने जाग्या असतात. दोघे एकाच वाटीतले खात असले तरी दोघांना जाणवते ते एक नसते. हे ज्याला मनापासून पटले, तो "एवढंही सोसत नाही?" असे विचारायचे थांबतो, आणि ते थांबणे या लेखातल्या पुढच्या सर्व सूचनांइतकेच मोलाचे आहे असे मला वाटते.

पहिली पायरी: स्वतःची मर्यादा शब्दांत मांडणे

"मध्यम तिखट" हा शब्दप्रयोग शक्यतो टाळावा, कारण प्रत्येकाचे मध्यम वेगळे असते. त्याऐवजी स्वतःला काही प्रश्न विचारून ठेवावेत. कोणते तिखट अजिबात सोसत नाही, लाल तिखटाची पूड, हिरवी मिरची की मिरी? त्रास फक्त तोंडात होतो, की नंतर पोटात जळजळ आणि दुसऱ्या दिवशी शौचाच्या वेळी आगही होते? तोंडाची आग दहा-पंधरा मिनिटांत शमते, पोटाचा त्रास मात्र रात्रभर पुरतो. त्यामुळे ज्याला दुसऱ्या प्रकारचा त्रास होतो त्याने केवळ जिभेच्या भरवशावर "एवढं चालेल" असे ठरवू नये. आम्लपित्त, तोंड आलेले असणे, मूळव्याध, नुकतेच झालेले पोटाचे दुखणे अशा वेळी नेहमीची मर्यादाही लागू पडत नाही.

मग एक सरळ वाक्य तयार होते: "मिरी आणि आलं चालतं, पण हिरवी मिरची आणि लाल तिखट जवळजवळ नको." असे वाक्य सोबत्यांना आणि वेटरला दोघांनाही लगेच कळते.

दुसरी पायरी: सोबत्यांना आधी आणि एकेकट्याने विचारणे

जेवायला नेणारा तुम्ही असाल तर हा प्रश्न टेबलावर बसण्याच्या आधी विचारावा. आदल्या दिवशी निरोप पाठवताना "तुम्हाला कितपत तिखट चालतं? हॉटेल त्याप्रमाणे ठरवू" एवढे लिहिले तरी पुरते. "कितपत" या शब्दाने कमी सांगण्याची वाट मोकळी राहते. वयाने किंवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीसमोर, सासरच्या मंडळींसमोर अथवा नव्या ओळखीत माणसे हमखास "काहीही चालेल" म्हणतात, अशा उत्तरावर विसंबून न राहता "तुम्ही घरी जेवता तसं की त्याहून सौम्य?" असे पुन्हा विचारण्यात संकोच मानू नये. बरोबर लहान मुले असतील, तर त्यांच्यासाठी मिरची मुळीच नसलेला निदान एक पदार्थ मिळेल याची खात्री हॉटेल निवडतानाच करावी.

तिसरी पायरी: मेन्यूकार्ड वाचणे

अनेक मेन्यूकार्डांवर पदार्थाच्या नावापुढे मिरचीची एक, दोन किंवा तीन चित्रे छापलेली असतात. ती चित्रे त्याच स्वयंपाकघरातल्या पदार्थांची आपसांत तुलना करण्यापुरती खरी मानावीत, कारण एका हॉटेलातली एक मिरची दुसऱ्या हॉटेलातल्या तिनांच्या बरोबरीची असू शकते. मिरचीचे तिखट मोजण्याचे एकक अर्थातच आहे. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली ते बसवले. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत न्यायचा की चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे व्हावे, आणि तिथवर किती पटींनी पातळ करावा लागला ते नोंदवायचे, अशी ती मूळ पद्धत होती. हालापेन्यो मिरची या मापात साधारण २,५०० ते ८,००० भरते, हाबानेरो लाखाच्या पुढे जाते आणि २०२३ साली सर्वांत तिखट म्हणून विक्रमी ठरलेली पेपर एक्स ही मिरची सरासरी २६ लाख ९३ हजारांवर पोहोचते. पण हे माप मिरचीचे आहे. ती मिरची किती घातली, कशात शिजवली, बरोबर साय, नारळाचे दूध की नुसते पाणी होते, यावर ताटातले तिखट ठरते आणि ते कोणत्याही कार्डावर आकड्यात लिहिलेले नसते.

रंगावरून अंदाज बांधणे तर सर्वांत फसवे. काही मिरच्या मुख्यतः रंगासाठीच वापरल्या जातात आणि त्यांचा लालभडक रस्सा सौम्य निघतो, तर पांढऱ्या किंवा फिकट हिरव्या रश्श्यात वाटलेली हिरवी मिरची लपून बसलेली असते. जे लाल दिसते ते टाळून मी निश्चिंतपणे पांढरा पदार्थ मागवला आणि पहिल्याच घासाला ठसका लागला, असे माझ्या बाबतीत एकाहून अधिक वेळा घडले आहे.

चौथी पायरी: वेटरशी नेमके बोलणे

या पायरीवर थोडा वेळ थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक जेवणे इथेच बिघडतात किंवा सावरतात.

हॉटेलाचे स्वयंपाकघर घरच्या स्वयंपाकघरासारखे चालत नाही. गर्दीच्या वेळी पदार्थ दहा-पंधरा मिनिटांत द्यायचा असल्यामुळे अनेक ठिकाणी वाटण, ग्रेव्ही, मुरवलेले मांस हे सारे आधीच तयार करून ठेवलेले असते आणि ऑर्डर आल्यावर त्यांची फक्त जुळणी होते. मिरची जर त्या मूळ वाटणातच असेल, तर आचाऱ्याची कितीही इच्छा असली तरी त्याला ती काढून घेता येत नाही. फार तर तो साय, दही किंवा नारळाचे दूध घालून तिची धार बोथट करू शकतो. याउलट जो पदार्थ ऑर्डर आल्यावर कढईत परतला जातो किंवा ज्यावर तिखट शेवटी भुरभुरले जाते, त्यातले तिखट खरोखर कमी करता येते. म्हणून "कमी तिखट करा" असे सांगण्यापूर्वी विचारावे, "यात तिखट आधीच्या वाटणात असतं की ऑर्डर आल्यावर घालता?" चांगला वेटर या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि त्याला ठाऊक नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो. तो विचारून आला, तर त्याचे आवर्जून आभार मानावेत.

"हे तिखट आहे का?" या प्रश्नावर वेटर स्वतःच्या जिभेने उत्तर देतो आणि त्याची जीभ बहुधा त्या स्वयंपाकघराला सरावलेली असते. त्याऐवजी "या पानावर मिरची अजिबात नसलेले पदार्थ कोणते?" किंवा "या दोनांत सौम्य कोणता?" असे विचारल्यास त्याला निवड करून दाखवावी लागते आणि आपल्याला वापरता येईल असे उत्तर मिळते.

दुसरी काळजी शब्दांची घ्यावी. "मसाला नको" म्हटले की आचारी धणे, जिरे, लसूण, कधीकधी मीठसुद्धा आखडते घेतो आणि समोर येतो तो सपक, मिळमिळीत पदार्थ. कमी तिखट खाणाऱ्याला अळणी खायची हौस असते असा जो गैरसमज आहे, तो पुष्कळसा या एका शब्दातून जन्मतो. "मिरची कमी करा, बाकीचा मसाला आणि मीठ नेहमीसारखंच राहू द्या" असे पूर्ण वाक्य बोलावे. आणि मिरची केवळ नावडती असेल तर "मला ॲलर्जी आहे" असे खोटे सांगू नये. त्या शब्दाने स्वयंपाकघरात भांडी, पळ्या, तेल सारे वेगळे करण्याची धावपळ उडते, आणि तो शब्द उगाच वापरला गेला की ज्याला खरी ॲलर्जी आहे त्याच्या सांगण्याचे वजन कमी होते. खरोखर ॲलर्जी असेल किंवा वैद्यकीय पथ्य असेल, तर मात्र ते स्पष्ट आणि सर्वांत आधी सांगावे.

पाचवी पायरी: ऑर्डर जुळवणे

तिखट वरून वाढवता येते, काढता येत नाही. सर्वांनी मिळून खायचे पदार्थ म्हणूनच टेबलावरच्या सर्वांत कमी सोसणाऱ्या माणसाच्या मापाने मागवावेत आणि चिरलेली मिरची, तिखटाची चटणी किंवा तिखट तेल वेगळ्या वाटीत घ्यावे.

तथापि एवढ्यावर थांबल्यास तिखट खाणाऱ्यांवर अन्याय होतो, आणि तोही खराच अन्याय आहे. तेलात परतून पदार्थात मुरलेली मिरची आणि वरून पेरलेली मिरची यांत चवीचे अंतर फार असते. पहिली पदार्थाचा भाग होते, दुसरी नुसती झोंबते. त्यामुळे सहा जणांत दोघे कमी तिखट खाणारे असतील, तर दोन-तीन सौम्य पदार्थांबरोबर एक पदार्थ हॉटेलच्या मूळ पद्धतीचा, झणझणीत, काहीही न बदलता मागवावा आणि तो टेबलाच्या ज्या बाजूला तिखट खाणारे बसले आहेत तिथे ठेवावा. प्रत्येक भांड्यात स्वतंत्र चमचा असावा. जहाल रश्श्यातला चमचा सौम्य भाजीत बुडाला की सारी मेहनत वाया जाते, आणि हे इतक्या सहज घडते की वाढणाऱ्याने तिकडे लक्षच ठेवायला हवे. सौम्य पदार्थ आधी आणि तिखट नंतर आणायला सांगावे, कारण एकदा जीभ पोळली की सौम्य पदार्थातले बारकावे कुणालाच कळत नाहीत.

सहावी पायरी: ताट समोर आल्यावर

पहिला घास अर्ध्या चमच्याचा घ्यावा आणि मिनिटभर थांबावे. मिरचीची आग लगेच शिगेला पोहोचत नाही, ती चढत जाते. "काही विशेष तिखट नाही" म्हणून चार घास घाईने खाल्लेला माणूस पाचव्या घासाला गांगरतो, तो यामुळेच. पदार्थ वाफाळत असेल तर थोडा निवू द्यावा. रस्सा तिखट वाटला तर ढवळण्यापूर्वी वरचे लाल तेल चमच्याच्या कडेने अलगद काढून दुसऱ्या वाटीत घ्यावे, कारण ढवळल्यावर ते सर्वत्र पसरते. शेजारच्या तिखटप्रेमीला ती वाटी बहुधा आनंदाने हवी असते. अख्ख्या मिरच्या न फोडता बाजूला काढाव्यात, आणि मिरचीला बोटे लागली असतील तर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. नुसत्या पाण्याने ते द्रव्य निघत नाही.

सातवी पायरी: तिखट लागलेच तर

हात प्रथम पाण्याच्या पेल्याकडे जातो. गार पाण्याने घोटभर वेळ बरे वाटते, पण कॅप्सेसिन जागचे निघत नाही आणि घोट गिळला की आग पुन्हा उसळते. गार दूध किंवा दही अधिक उपयोगी पडते, कारण दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला जिभेवरून सोडवून नेण्यास मदत करते. घोट लगेच न गिळता क्षणभर तोंडात घोळवावा. दूध चालत नसेल तर साखरेचे दाट पाणी किंवा चमचाभर मध घ्यावा. कोरडा भात किंवा पाव चावल्यानेही जीभ काहीशी पुसली जाते. गरम चहा, सोडा आणि मद्य यांच्यापासून त्या वेळी दूर राहावे, ती सारी आगीत तेल ओतण्याची साधने आहेत. ठसका लागलेल्या माणसाला ताठ बसू द्यावे, खोकू द्यावे आणि खोकला थांबेपर्यंत पाणी पाजण्याचा आग्रह धरू नये. ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास घ्यायला त्रास होणे ही मात्र साध्या तिखटाची लक्षणे नव्हेत. अशा वेळी ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी.

पदार्थ परत पाठवावा की नाही, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. कमी तिखट असे नीट सांगूनही जहाल पदार्थ आला असेल, तर पहिल्या दोन-तीन घासांतच वेटरला बोलावून शांतपणे सांगावे. पदार्थ सुधारून किंवा बदलून देणे ही तेव्हा हॉटेलची जबाबदारी आहे. निम्मे संपवल्यावर परत पाठवणे योग्य नाही. आपणच काही सांगितले नसेल, तर थोडी साय किंवा दही घालून आणण्याची विनंती करावी आणि त्याचे वेगळे पैसे लागले तर ते द्यावेत. सोबत्यांनीही अशा वेळी "खा हो, होईल सवय" असा आग्रह करू नये. सवय होते हे खरे, पण ती आठवड्या-महिन्यांत, थोडे थोडे वाढवत आणि स्वतःच्या इच्छेने होते. एका जेवणात इतरांच्या नजरेखाली होत नाही.

ज्यांना जास्त तिखट हवे असते त्यांनीही हीच शिस्त पाळावी. अनोळखी गिऱ्हाइकाने "एकदम तिखट" म्हटले तरी आचारी पुष्कळदा हात राखूनच तिखट घालतो, कारण परत आलेल्या ताटाचा भुर्दंड त्याच्यावर पडतो. पहिल्या वेळी आहे तसे खाऊन, जाताना "पुढच्या वेळी याहून तिखट चालेल" असे सांगून ठेवल्यास दुसऱ्या वेळी विश्वासाने घातले जाते.

आवडलेल्या हॉटेलाबाबत मी एक छोटी नोंद ठेवतो: पदार्थाचे नाव, काय सांगून मागवला होता आणि कितपत तिखट निघाला. त्या सहकारीबरोबर नंतर आम्ही अनेकदा जेवलो. आता मेन्यूकार्ड आधी तिच्या हातात जाते, वेटरशी तीच बोलते, आणि माझ्या रश्श्यावर तिच्या वाटीतून काढलेले लाल तेल जमा होते.